शेवटच्या कडव्यातलं नाव

एप्रिलात जयंतीची मिरवणूक आमच्या गल्लीतून जाते, तेव्हा डीजेवर एक गाणं हमखास लागतं. पोरं त्याच्यावर अशी नाचतात की दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर बिनजोडीच्या चपला सापडतात. ते गाणं माझ्या आईचं आहे. हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल, त्याला गणती नाही. कुणी "हो का?" म्हणतं, कुणी नुसतं हसतं. एका रिक्षावाल्यानं तर मलाच शिकवलं, "मॅडम, ते लई जुनं हाय, पारंपरिक." मी त्याला तिथंच रिक्षा थांबवायला लावली आणि उरलेलं अंतर बीडच्या उन्हात तणतणत चालत गेले. नुकसान माझंच झालं. पण स्वभावाला काय करणार!

पारंपरिक म्हणे! ज्या बाईनं ते रचलं ती घरात बसून लसूण सोलतेय, आणि ह्यांचं आपलं पारंपरिक.

आणि ते गाणं नाचायचं नाहीच मुळी. त्याचे शब्द कुणी ऐकतं का, हाच माझा प्रश्न आहे. आईची आई, म्हणजे माझी आजी, आई नऊ वर्षांची असताना गेली. आजीला अक्षरओळख नव्हती. आई मात्र चौथीपर्यंत शिकली, माहेरच्या वस्तीत पाटी हातात घेणारी ती पहिली मुलगी. ती शाळेतून आली की आजी तिच्या पाटीवरून नुसता हात फिरवायची, अक्षर पुसलं जाणार नाही असा, कडेकडेनं. पुढं आईनं गाणं रचलं ते ह्याच्यावर. जयंतीला सगळे ज्यांना सूर्य म्हणतात, त्या सूर्याशीच तिचं थोडंसं भांडण आहे त्यात:

लवकर उगवला असतास रं दिसा, माझ्या मायच्या अंगणात,
पाटी घेऊन मायबी माझी गेली असती शाळंत.

आता सांगा, ह्याच्यावर नाचायचं कसं? आई हे गायची तेव्हा वस्तीतल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. इतकं सावकाश गायची, की एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत माणसाला आपापलं दुःख आठवायला वेळ मिळायचा.

आई आता ऐंशीच्या पुढं आहे आणि बीडला माझ्याकडं असते. आवाज पार बसलाय. एक कान कधीचाच गेला, दुसराही चाललाय. डॉक्टरांनी मशीन दिलं, तर ते शिट्ट्या मारतं म्हणून तिनं ते डाळीच्या डब्यात ठेवून दिलं. मागच्या जयंतीला मिरवणूक दारावरून गेली. खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि आई शांतपणे मला विचारत होती, "आज मिरवणूक न्हाई का गं?"

त्याच दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "एक विचारू का? मी गायची ते कसं वाटायचं गं? मला कदी ऐकायलाच मिळालं न्हाई. तेवढं एकदा ऐकू दे, मग जाऊ दे हा कान कुटं जायचा तिकडं."

आईनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. साडीसुद्धा दाखवली की "कशाला आणली?" हेच पहिलं. तिनं मागून मागितलं ते हे, आणि ते देऊ शकेल अशी जगात एकच गोष्ट होती. तिच्या आवाजातलं ते गाणं फक्त एकदाच टेप झालं होतं.

ते टेप झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, घाटनांदूरला शाळेत शिपाई होते. जयंतीच्या आधी त्यांनी एका गुरुजींकडून एक दिवसाच्या बोलीवर टेपरेकॉर्डर मागून आणला. कारण असं, की अंबाजोगाईच्या बाजूची एक गायन पार्टी त्या वर्षी आमच्या वस्तीत यायची होती, आणि दादांना वाटत होतं की त्या पार्टीच्या गायकानं आईचं गाणं म्हणावं. दादांना आईच्या गाण्याचा केवढा अभिमान! स्वतःला तर टाळीसुद्धा तालात वाजवता यायची नाही.

त्या दिवशी लाईट नव्हती. टेपमध्ये सेल टाकले तर ते मेलेले. घाटनांदूरच्या दुकानात नेमके संपलेले. मग काय करायचं, ते वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं: सेल उन्हात ठेवायचे. उन्हात तापले की सेल पुन्हा भरतात, असा आम्हा सगळ्यांचा पक्का विश्वास होता. ते काम माझ्याकडं आलं. मी चारही सेल पत्र्यावर मांडले, तासातासानं पालथे केले, कावळ्यानं नेऊ नयेत म्हणून बाजूला काठी घेऊन बसले. कुरडयांची राखण करावी तशी मी सेलांची राखण केली. दुपारी तीनला दादांनी ते टाकले आणि लाल दिवा लागला. मंद, पण लागला. माझी मान ताठ.

दादा आधी "हालो, हालो, आवाज येतोय का" असं त्या यंत्रालाच विचारते झाले. मग आई गायली, पाचही कडवी. शेवटचं कडवं संपता संपता तो दिवा विझला आणि टेप बंद पडला. म्हणून कुणालाच परत ऐकता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कॅसेट पार्टीच्या गायकाला देऊन आले आणि यंत्र गुरुजींना परत गेलं. आईचा आवाज आमच्या घरातून गेला तो असा.

पुढची कथा अख्ख्या जिल्ह्यानं ऐकली आहे. त्या जयंतीला त्यानं ते म्हटलं नाही, पण दीड-दोन वर्षांनी पार्टीची कॅसेट निघाली. वर कोट घातलेल्या गायकाचा फोटो, हातात माईक, मागं निळं आभाळ. घाटनांदूरच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मी ते पहिल्यांदा ऐकलं. ढोलकी, पेटी, झांजा, आणि आईचं गाणं दुडक्या चालीत पळतंय! मी जागच्या जागी उभी राहिले. आणि शेवटच्या कडव्यात तर तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्यात रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो, की अमका म्हणे, तमका सांगे. तीच त्याची सही. आईनंही तिचं नाव घातलं होतं. त्या कोटवाल्यानं ते काढून स्वतःचं चिकटवलं होतं.

मी घरी येऊन आदळआपट केली. दादा एवढंसं तोंड करून बसले. आई म्हणाली, "गाऊ दे की. गाणं गायासाठीच असतंय." मी म्हणाले, "पण पळवलंय त्यानं!" ती म्हणाली, "जाऊ दे, त्याला घाई आसंल."

मग बँडवाल्यांनी उचललं. बँडला शब्दांशी काय घेणं! एकदा तर आईच्या माहेरच्या गावात मोठ्या पाटलांच्या वरातीत तीच चाल वाजत होती, आणि ज्यांच्या ओसरीवर आमच्या आजीला कधी पाय ठेवता आला नाही, त्यांची पोरं फेटे उडवत आजीच्या न झालेल्या शाळेवर नाचत होती. त्या दिवशी मला रडूही आलं आणि हसूही आलं. आईला सांगितलं तर तिला नुसतं हसूच आलं. पुढं डीजे आला, त्यानं मध्ये भोंगे घातले. मग मोबाईल आला. लिंबागणेशकडच्या एका कॉलेजच्या पोरीनं ते म्हणून टाकलं, गोड म्हटलंय, नाही असं नाही, पण खाली लिहिलं काय, तर 'पारंपरिक'. कोटवाल्याचं नावही एव्हाना गळून गेलेलं. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

तर आईनं मागितल्यावर मी त्या गायकाचा शोध घेतला. शाळेत मास्तरकी केलेल्या बाईला जिल्ह्यात माणूस सापडत नाही असं होत नाही, कुठल्या तरी गावात आपला विद्यार्थी निघतोच. आठ दिवसांत पत्ता लागला. गायक लिंबागणेशच्या पुढं एका वस्तीवर मुलाकडं राहत होते. मी एसटीत बसले आणि रस्ताभर मनात भांडणाची तयारी करत गेले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा राग, त्याची उजळणी करायला तेवढा रस्ता पुरला नाही.

अंगणात बाजेवर एक वाळलेला म्हातारा बसला होता. कोट नव्हता, बनियन होतं. मी जयभीम घातला, दादांचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले.

"घाटनांदूरच्या शिपाईदादांची पोरगी? ये बाई, ये. मी जेवलोय तुमच्या घरी. तुझ्या आईच्या हातचं वांग्याचं कालवण, अजून याद हाय."

भांडणाची सुरुवात वांग्यानं होईल असं मला वाटलं नव्हतं. तरी मी दम धरला आणि म्हणाले, "काका, जेवलात ते ठीक. पण जिच्या हातचं खाल्लं तिचंच नाव का काढलं गाण्यातून?"

"तिचं?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "तिचं नाव कुटं व्हतं त्यात? तुझ्या आईला समदी वस्ती ज्या नावानं हाक मारती, ते न्हवतंच की. दुसऱ्याच कुण्या बाईचं व्हतं. मी तुमच्या वस्तीत दोघा-तिघांला इचारलं, ह्या नावाची बाई कोण? त्ये म्हणले, आमच्यात कुणीच न्हाई. मला वाटलं, कुटलं तरी जुनं बायांचं गाणं हाय, धनी मरून गेलेलं. मोकळं गाणं. म्हणून माझं घातलं."

ते खरं होतं. लग्नात सासरी आईचं नाव बदललं, तसं तेव्हा सगळ्यांचंच बदलायचे. गाण्यात तिनं घातलं ते लग्नाआधीचं, आणि शाळेच्या दाखल्यावरचंही नाही, तर तिची माय तिला ज्या लाडक्या नावानं हाक मारायची ते. माय गेली आणि त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. मी स्वतः ते नाव फक्त गाण्यात ऐकलं होतं. वस्तीला कुठून माहीत असणार? दादांनी तरी सांगायचं की नाही त्या गायकाला! पण दादांना वाटलं असेल, आपली बायको एवढी प्रसिद्ध, तिचं माहेरचं नावही लोकांना ठाऊकच असणार.

"काका, ते आईचंच नाव आहे," मी म्हणाले. "तिच्या मायनं ठेवलेलं."

म्हातारा बाजेचं सैल सुंभ ओढून बघायला लागला. मग म्हणाला, "मग म्या लई वाईट केलं की गं."

मी मनात रचून आणलेलं एकही वाक्य मला वापरता आलं नाही. तरी एक उरलं होतं, म्हणून विचारलं, "आणि एवढं पळवत का गायलात? आई तर किती सावकाश म्हणायची."

"सावकाश? छ्या! मी तर कॅसेटीवरून शिकलो. कॅसेटीत ती पळतीच. मला दम पुरंना तिच्यासंगं, मी उलट जरा हळू केलं."

त्यांनी सुनेला पत्र्याची पेटी आणायला सांगितली. जुन्या पावत्या, वाजवायच्या पेटीच्या तुटलेल्या पट्ट्या आणि फोटो यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर लावून, आमची कॅसेट होती. ह्या माणसाला मी आयुष्यभर चोर म्हटलं होतं, आणि त्यानं ती एवढी वर्षं दुसरं काही टेप न करता सांभाळली होती. निघताना ते म्हणाले, "तुझ्या आईला सांग, पुन्हा कुटं गायलो तर तिचंच नाव घेईन." त्यांना दोन वाक्यं बोलताना धाप लागत होती. मी म्हणाले, "सांगते काका."

बीडला कोर्टाच्या पलीकडं एक गृहस्थ लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हमध्ये भरून देतात. माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर, बोलायला तुसडे. म्हणजे आमचं जमलं. त्यांनी फीत पुसली, गुंडाळली, लावली. आधी नुसती खरखर. मग चिमणीसारखा आवाज आला: "हालोहालोआवाजयेतोयका." मागोमाग एक बारीक आवाजाची पोरगी भराभरा गाणं म्हणायला लागली. मला कळेना, हे कुणाचं लग्न लावलंय ह्यांनी.

"ही माझी आई नाही," मी म्हणाले.

"मग कोण हाय? कॅसेट तर तुमीच आणली." त्यांनी पुन्हा ऐकलं, कान खाजवला आणि विचारलं, "टेप करताना लाईटवर केलतं का सेलवर?"

"सेलवर. पण भरलेले होते. मी स्वतः दिवसभर उन्हात ठेवलेले."

ते माझ्याकडं असं बघायला लागले, की शाळेत मी पोरांकडं कधी तसं बघितलं नसेल. "मॅडम, उन्हात ठेवून सेल गरम व्हतो. भरत न्हाई. सेल मेलेला असला की फीत हळू फिरती. हळू फिरताना भरलेला आवाज चांगल्या मशीनवर लावला, की पळतो."

मी खुर्चीवर बसले. म्हणजे डीजे, बँड, पाटलांची वरात, ती दुडकी चाल, ज्याच्यासाठी मी जिल्ह्याला नावं ठेवली, ते सगळं माझ्या चार सेलांमुळं! काठी घेऊन राखण करत बसले होते मी. त्यांना सांगितलं तर ते एवढे हसले की चष्मा कपाळावरून खाली पडला. मीही हसले, आणि हसता हसताच डोळे भरून आले. त्यांनी मुकाट्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

मग आम्ही वेग कमी करत गेलो. थोडा, अजून थोडा. माझं लक्ष दादांच्या "हालो"वर होतं. चिमणीचा पोपट झाला, मग कुणीतरी तरणा पोरगा, मग एका टप्प्यावर माझे दादा बोलले. अगदी तेच, घोगरे, जरा घाबरलेले. मी म्हणाले, "थांबा. हेच." दादांना जाऊन बावीस वर्षं झाली. त्यांचा आवाज मी विसरले होते, हे मला तो ऐकल्यावर कळलं.

त्याच्या पुढं आईचा आवाज होता. तो मी त्या दुकानात पुढं ऐकलाच नाही. बंद करा म्हणाले. पहिल्यांदा तिनं ऐकावा, असं वाटलं.

दुकानदारांनी गाणं माझ्या फोनमध्ये टाकून दिलं आणि त्यांचे मोठे हेडफोनही दिले, "परत आणा" असं तीनदा बजावून. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नाश्ता करून खिडकीपाशी बसली होती. मी ते तिच्या डोक्यावर चढवले, चांगल्या कानावर नीट दाबले. ती म्हणाली, "आता हे काय नवीन? शिट्टी मारतंय का हे?" मला तिचं तोंड बघायचं होतं. फोनवर आवाज जेवढा मोठा होईल तेवढा केला, इतका की हेडफोनच्या बाहेर मलाही बारीक ऐकू येत होता.

दादांचं "हालो" आलं आणि ती लाजून हसली. "ह्यो बघ, ह्यो कुटून आला!"

मग गाणं सुरू झालं. आईचं हसू गेलं. तिनं हेडफोनवर दोन्ही हात ठेवले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण बघत नव्हती. तिसऱ्या कडव्यात तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, ती सोबत म्हणतेय. वाकून ऐकलं, तर ती पुटपुटत होती, "माय हाय ही. माझी माय गातीय."

"आई, अगं तू आहेस ती," मी मोठ्यानं म्हणाले.

तिनं हात वर करून मला गप्प केलं. शाळेत मी अख्खा वर्ग गप्प करायचे, पण असा हात मला कधी जमला नाही. आईनं स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. तिच्या ओळखीतला तसा आवाज एकच होता, आणि तो तिनं नऊ वर्षांची असताना शेवटचा ऐकलेला. मला तिला पुन्हा सांगायचं होतं, की हे गाणं तुझं आहे, मी एवढी वर्षं भांडतेय ते हेच, ऐक, नीट ऐक. पण मी नाही सांगितलं. मी तिच्या पायाशी फरशीवर बसून राहिले.

चौथं कडवं गेलं. पाचवं आलं. सावकाश, एकेका शब्दावर थांबत तो आवाज शेवटच्या ओळीशी आला, आणि त्यानं ते नाव घेतलं. सत्तर वर्षांत ज्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती, ते.

आईनं चटकन मान वळवून दाराकडं बघितलं आणि मोठ्यानं ओ दिली.